आईच्या रेडिओची सहा बटणं



मागच्या वेळी मिक्सरचा कपलर घरच्या घरी कसा बदलायचा ते लिहिलं, तर तीन वाचकांनी कळवलं की त्याचे आटे उलटे असतात हे सांगायला मी विसरलो. खरं आहे, विसरलो. ज्यांनी जोर लावून तो अजूनच घट्ट केला त्यांची माफी मागतो.

यावेळचं यंत्र मिक्सरपेक्षा साधं आहे, पण माझी चूक मोठी आहे. पावसाळा तोंडावर आलाय म्हणून आत्ताच लिहितोय. विषय आहे रेडिओ. "आता रेडिओ कोण ऐकतं?" म्हणून लगेच दुसरं पान उघडू नका. ज्यांच्या घरात ऐंशीच्या पुढचं माणूस आहे त्यांनी तरी थांबावं.

माझी आई त्र्याऐंशीची आहे. डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग गेलाय. कडेकडेचं थोडं दिसतं, पण समोर बसलेल्या माणसाचा चेहरा दिसत नाही. टीव्ही तिने सोडून दिला. मोबाइलच्या गुळगुळीत काचेवर बोट कुठे ठेवायचं ते कळत नाही. उरला रेडिओ. जुना दोन बँडचा होता, त्याची काटा फिरवणारी दोरी निसटायची. मी चारदा गुंडाळून दिली, पाचव्यांदा ती तुटलीच.

एडिसनहून भाचा आला होता, ताईचा मुलगा. त्याने आजीसाठी नवा रेडिओ आणला. मीडियम वेव्ह आणि एफएम, आकडे दाखवणारा, वर सहा ठळक बटणं. प्रत्येक बटणात एक केंद्र साठवायचं, मग आजीने नुसतं बटण दाबायचं. शिवाय एक 'स्कॅन'चं बटण. ते दाबलं की रेडिओ साठवलेल्या केंद्रांवरून आपोआप फिरतो, प्रत्येक ठिकाणी पाच सेकंद थांबतो, आवडलं तिथे परत दाबायचं.

या स्कॅनवरून भाच्याने मला त्याच्या तिकडच्या छंदाबद्दल सांगितलं. त्याच्याकडे खरा स्कॅनर आहे. वॉकीटॉकीएवढं यंत्र, त्यात गावच्या अग्निशमन दलाच्या, रुग्णवाहिकांच्या, विमानतळाच्या लहरी. एकेका सेकंदात कितीतरी चॅनल चाळायचे आणि जिथे कोणी बोलतंय तिथे थांबायचं. जिथे नुसती खरखर आहे तिथे आवाज बंद ठेवणारी एक पातळी असते, तिला स्क्वेल्च म्हणतात. ती कमी ठेवली तर दिवसभर खरखर, जास्त ठेवली तर लांबचा माणूस बोलला तरी यंत्र मुकाट. सुरुवातीला त्याने अख्ख्या जिल्ह्याचे चॅनल भरले होते. यंत्र दिवसभर बडबडायचं आणि नेमकं आपल्या गल्लीत बंब आला तेव्हा ते तिसऱ्याच गावच्या कचऱ्याच्या गाडीवर थांबलेलं असायचं. मग त्याने एकेक चॅनल वगळायला सुरुवात केली. वगळण्याचंही बटण असतं. यंत्र तो चॅनल विसरत नाही, फक्त तिथे थांबत नाही. आता त्याच्याकडे अकरा चॅनल उरलेत. एकाला त्याने अग्रक्रम दिलाय, म्हणजे यंत्र कुठेही असलं तरी दर थोड्या वेळाने तिथे डोकावून येतं.

"मामा, इथेही लावूया का? खालीच तर फायर ब्रिगेड आहे!"

दांडिया बाजारातल्यांना हसू येईल. शहरातलं मुख्य अग्निशमन केंद्र आमच्या शेजारी आहे. बंब निघाला की खिडकीची तावदानं थरथरतात. लहानपणापासून आम्ही तो आवाज ऐकून सूरसागरकडे वळला की रावपुऱ्याकडे हे ओळखतो. स्कॅनर न घेता आयुष्यभर आम्ही तो एकच चॅनल ऐकत आलो आहोत.

पण चेष्टा बाजूला ठेवून त्याला सांगितलं ते इथेही सांगतो, कारण ऑनलाइन असली यंत्रं दिसतात आणि नातवंडं हट्ट धरतात. आपल्याकडे १९३३ च्या वायरलेस कायद्यापासून बिनतारी यंत्र नुसतं जवळ बाळगायलाही परवाना लागतो. २०२३ साली नवा दूरसंचार कायदा आला तरी परवान्याचं तत्त्व तेच आहे. २०२५ साली ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या वॉकीटॉकींसाठी नियमावली काढली. पोलीस, अग्निशमन यांचं आपसातलं बोलणं आपल्यासाठी नसतं. अमेरिकेतही आता ते बंद होत चाललंय. न्यूयॉर्क पोलिसांनी २०२३ पासून आपल्या लहरी गुपित करायला घेतल्या. ज्याला खरंच गोडी आहे त्याने हौशी रेडिओची, म्हणजे हॅमची परीक्षा द्यावी. मग व्हीयू-टू किंवा व्हीयू-थ्रीने सुरू होणारं स्वतःचं संकेतनाव मिळतं. २००१ च्या भूकंपात भुजला टेलिफोन बंद पडले तेव्हा अशाच मंडळींनी यंत्रं नेऊन निरोप पोचवले होते. साध्या रेडिओला मात्र आता परवाना लागत नाही. पूर्वी लागायचा. पोस्टात जाऊन वर्षाची फी भरायची आणि पुस्तिकेत तिकीट चिकटवून घ्यायचं. ऐंशीच्या दशकात ते बंद झालं. आईने ती पुस्तिका अजून लग्नाच्या फोटोंबरोबर ठेवली आहे.

तर भाचा परत गेला आणि सहा बटणं भरायचं काम माझ्याकडे आलं.

पहिल्याच केंद्राला अडलो. मुंबईची अस्मिता वाहिनी ५५८ वर. आकडे दाबले तर रेडिओ ५६० दाखवतो. एक पाऊल मागे घेतलं तर ५५०. मधे काही नाहीच! ५६० वर मुंबई ऐकू येत होती, पण तोंडावर उशी धरून बोलल्यासारखी. अहमदाबादचं ८४६ घ्यायला गेलो तर ८५०. मला वाटलं यंत्रच बिघडलंय. दोन दिवस मी ते खालीवर करत होतो.

आईने विचारलं, "अडतंय कुठे? आकडे वाच."

मी वाचले. ५५८, ८४६, १०४४, ७९२, ९६३.

आई बडोद्याच्या मराठी शाळेत गणित शिकवायची. ती म्हणाली, "सगळे नवाच्या पाढ्यातले आहेत की. पाच, पाच, आठ, अठरा. आठ, चार, सहा, अठरा. एक, शून्य, चार, चार, नऊ. तुझा रेडिओ दहाच्या पाढ्यात चालतोय. त्याला नवाचा शिकव."

अगदी तेच होतं. १९७५ साली जिनिव्हात करार झाला. त्यानुसार आपल्याकडे, युरोपात, आफ्रिकेत आणि उरलेल्या आशियात मीडियम वेव्हची केंद्रं नऊ-नऊ किलोहर्ट्झच्या अंतरावर बसवली आहेत. अमेरिकेत ती दहाच्या अंतरावर आहेत. तिकडून आलेला रेडिओ दहाच्या पायऱ्यांनी चढतो, त्यामुळे आपलं केंद्र त्याच्या दोन पायऱ्यांच्या मधे राहतं. बहुतेक डिजिटल रेडिओंमध्ये ही पायरी बदलता येते. रेडिओ बंद असताना एखादं ठरावीक बटण दाबून धरायचं, की ९ किंवा १० असा आकडा दिसतो. कोणतं बटण ते पुस्तिकेत असतं. परदेशातून रेडिओ आणला असेल आणि मुंबई-पुणे "लागतच नाही" अशी तक्रार असेल तर आधी हे बघा. आमच्या ओळखीत एकाने चांगला रेडिओ याच कारणाने भंगारवाल्याला दिला होता. 

दुसरी युक्ती अँटेनाची. मीडियम वेव्हचा अँटेना रेडिओच्या पोटात असतो, काळा दांडा आणि त्यावर तार. बाहेरची चकचकीत काडी ओढून उपयोग नाही, ती एफएमसाठी. मीडियम वेव्हसाठी अख्खा रेडिओच हळूहळू फिरवायचा. एका दिशेला आवाज उमलतो, काटकोनात गेलात की विझतो. आमच्या घरात मुंबई लागते ती रेडिओचं तोंड देवघराकडे केलं की. आणि त्या खोलीतले एलईडी दिवे आणि पंख्याचा रेग्युलेटर एकेक करून बंद करून बघा. अर्धी खरखर घरातलीच असते. संध्याकाळनंतर लांबची केंद्रं येऊ लागतात, कारण दिवसा या लहरी शोषून घेणारा आकाशातला थर सूर्य मावळल्यावर विरतो आणि लहरी त्याच्या वरच्या थरावर आपटून खाली येतात. म्हणून दुपारी न सापडलेलं केंद्र "नाही" म्हणून खोडून टाकू नका, रात्री आठनंतर परत बघा.

आपोआप केंद्रं शोधून भरणारं बटण असतं, त्याच्या नादी मात्र लागू नका. मी लागलो. त्याने छत्तीस केंद्रं भरली. त्यातलं एक एफएम केंद्र तीन ठिकाणी होतं (जवळचा प्रक्षेपक जोरात असला की असं भूत दिसतं) आणि दोन ठिकाणी नुसती आमच्या फ्रिजची गुरगुर. ते सगळं पुसून हाताने भरलं.

आणि इथे मी ती चूक केली.

आईला काय आवडतं ते मला माहीत आहे असं मी धरून चाललो. एफएम लावलं की ती म्हणायची, "काय ही बडबड! श्वास तरी घे म्हणावं." म्हणून मी एफएम पूर्ण वगळलं. पहिल्या बटणावर अस्मिता, ५५८. दुसऱ्यावर मुंबईचंच १०४४. तिसऱ्यावर पुणं, ७९२. चौथ्यावर जळगाव, ९६३, कारण आईचं माहेर जळगावचं. पाचव्यावर अहमदाबाद, ८४६. सहाव्यावर मुंबईची विविधभारती, ११८८, जुन्या गाण्यांसाठी. सगळे नवाच्या पाढ्यातले. मला फार छान वाटलं. बडोद्यात बसून आईच्या कानात मराठी घालणारा मुलगा म्हणून मी मंडळात चार जणांना ते सांगितलंही.

बटणं चाचपडता यावीत म्हणून त्यांच्यावर मुगाचे दाणे चिकटवले. पहिल्यावर एक, दुसऱ्यावर दोन, तिसऱ्यावर तीन. पुढच्या तिघांवर तांदळाचे. ही कल्पना आईची आणि ती फार उपयोगी आहे. टिकल्या चिकटवून पाहिल्या होत्या, त्या घामाने निघतात. शेवटी कुलूप लावून टाकलं. सहा बटणं आणि आवाज एवढंच चालेल, बाकी काही दाबलं गेलं तरी फरक पडणार नाही. चुकून काही बिघडायला नको.

आठ महिने उत्तम गेले.

मग २०२४ सालची गोकुळाष्टमी आली, २६ ऑगस्ट. पाऊस थांबेनाच. दुसऱ्या दिवशी विश्वामित्रीने धोक्याची खूण ओलांडली. ती २५ फुटांवर आहे आणि पाणी ३७ फुटांपर्यंत गेलं. वडोदऱ्याच्या वाचकांना मी काय सांगणार? ज्यांच्या घरात पाणी आलं त्यांना फूट-इंच सांगायची गरज नाही. बाहेरगावच्या वाचकांसाठी एवढंच, की ही नदी शहराच्या मधून वाहते, तिच्यात मगरी आहेत आणि पूर आला की त्याही रस्त्यावर येतात.

आम्ही दुसऱ्या मजल्यावर, आम्हाला धोका नव्हता. पण ताई आणि भाऊजी अकोट्याला, तळमजल्यावर. (अकोला नव्हे, अकोट नव्हे. अकोटा. आमचा दांडिया बाजारचा पूल ओलांडला की पलीकडे.) मंगळवारी दुपारी ताईचा फोन आला की पाणी सोसायटीच्या फाटकाशी आहे, गाद्या वर टाकतोय. त्यानंतर फोन बंद. संध्याकाळी आमची वीज गेली. माझा मोबाइल आठ टक्क्यांवर होता. तेवढ्यात भाच्याचा एडिसनहून फोन. "मामा, आईचा फोन लागत नाही. मी इथे व्हिडिओ बघतोय, अकोट्यात गाड्या तरंगतायत." मी म्हटलं, "बघतो." आणि फोन गेलाच.

समोरच्या बेन मेणबत्ती घेऊन आल्या. त्यांच्याकडेही कोणाला काही माहीत नव्हतं. खाली बंब आणि होड्या घेतलेले ट्रक सारखे निघत होते. आई अंधारात बसून मोजत होती. "हा पुलाकडे गेला. हाही."

मग तिने रेडिओ हातात घेतला. पहिलं बटण. मुंबई. दुसरं बटण. मुंबई. तिसरं. पुण्याहून भाषण चाललं होतं. चौथं. जळगावची खरखर. पाचव्यावर अहमदाबाद, पण बातम्यांची वेळ नव्हती. सहावं. लता मंगेशकर.

तिने तीनदा सहाही बटणं दाबली. मग मला म्हणाली, "आपल्या गावचं लाव."

"ते नाही ठेवलेलं."

"का?"

काय सांगणार? तुला बडबड आवडत नाही म्हणून?

"मुंबईत ऊन आहे की पाऊस ते मला सांगतोस," आई म्हणाली, "माझी मुलगी अकोट्यात आहे."

टॉर्चच्या उजेडात मी पुस्तिका शोधली. ती सापडली, पण अक्षर मुंगीएवढं आणि कुलूप कसं उघडायचं ते मला आठवेना. लावताना मी ते बटण किती वेळ दाबलं होतं? दाबून धरायचं की दोनदा दाबायचं? आठ महिन्यांपूर्वी ज्या गोष्टीचा मला एवढा अभिमान वाटला होता तिने मलाच बाहेर ठेवलं होतं. वीसएक मिनिटं गेली असतील. आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं. शेवटी सेल काढून परत घातले, एक बटण दाबून धरलं आणि कुलूप निघालं. एफएम लावलं, काडी ओढली आणि खिडकीपाशी नेलं.

एका केंद्रावर एक मुलगी गुजरातीत बोलत होती. तीच, श्वास न घेणारी. पण आता सावकाश, एकेक भाग नावाने सांगत होती. कुठे पाणी चढतंय, कुठे जाऊ नका, कुठे होडी पोचली आहे, मगर दिसली तर जवळ जाऊ नका, कुठल्या शाळेत जेवणाची सोय आहे. लोकांचे निरोप वाचत होती. आईने रेडिओ मांडीवर घेतला आणि वाकून ऐकत राहिली. मी सेल मोजले, चार जास्तीचे होते. आळीपाळीने ऐकायचं ठरवलं, म्हणजे सेल पुरतील. आईने ते ऐकलं नाही.

बुधवारी सकाळी मी पुलाकडे निघालो होतो. रेनकोट चढवलेला. आईने थांबवलं. "ती म्हणतेय पलीकडे रस्त्यावर छातीएवढं पाणी आहे. तू जाऊन काय करणार? तुला पोहता येतं का?" येत नाही. मी थांबलो. दुपारी त्या मुलीने सांगितलं की अकोट्याच्या बाजूच्या सोसायट्यांत तळमजल्याची माणसं वरच्या मजल्यांवर गेली आहेत, तिकडे पाणी आणि दूध पोचवतायत. नाव कोणाचं नाही, सोसायटीही नाही. तेवढंच. पण आई म्हणाली, "वरच्या मजल्यावरच्या पटेलबेन चांगल्या आहेत," आणि मंगळवार दुपारपासून पहिल्यांदा तिने दोन घास खाल्ले. बटाट्याची भाजी आणि ब्रेड, गॅसवर भाजलेला.

गुरुवारी पाणी उतरायला लागलं. सकाळी अकराच्या सुमाराला आमच्या खालच्या दुकानदाराचा फोन वाजला. भाऊजींनी कोणाच्या तरी पॉवरबँकवर फोन जिवंत केला होता आणि त्यांना तोच एक नंबर पाठ होता, कारण दुकानाच्या पाटीवर तो तीस वर्षं रंगवलेला आहे. दोघं ठीक होती, पटेलबेनकडेच. फ्रिज, कपाट, लग्नातला शालू सगळं गेलं होतं. ताईने आईला पहिलं वाक्य सांगितलं ते शालूचं. मग दोघी रडल्या.

गणपती बसले, उठले. ताईचं घर कोरडं व्हायला दिवाळी आली. एके दिवशी आई म्हणाली, "तो रेडिओ घे आणि बस. मी सांगते, तू भर."

मी वही घेतली.

"पहिल्यावर आपल्या बडोद्याची आकाशवाणी." म्हणजे ९३.९. "आमच्या लग्नाच्या आधीपासून आहे ती. तुझे आजोबा सांगायचे, संस्थानचं स्वतःचं रेडिओ केंद्र होतं." हे खरं आहे. स्वातंत्र्याच्या वेळी देशात संस्थानांची पाच केंद्रं होती. म्हैसूर, त्रिवेंद्रम, हैदराबाद, औरंगाबाद आणि बडोदा. पुढे ती आकाशवाणीत गेली आणि १ मे १९४९ ला बडोदा संस्थानच मुंबई राज्यात विलीन झालं. 'आकाशवाणी' हे नावही मुळात म्हैसूरच्या केंद्राचं. थोडक्यात, आपल्या गावाला स्वतःचा आवाज होता आणि मी तो माझ्या आईच्या रेडिओतून काढून टाकला होता.

"दुसऱ्यावर ती मुलगी बोलत होती ते."

"तुला ती बडबड..."

"असू दे. आता तिचा आवाज ओळखीचा झालाय."

"तिसऱ्यावर अहमदाबाद, बातम्यांना. चौथ्यावर मुंबई, पण एकच. दोन-दोन मुंबया कशाला? पाचव्यावर जळगाव."

"जळगावची नुसती खरखर येते, आई."

"येऊ दे. थंडीत रात्री येतं कधी कधी."

"आणि जुनी गाणी? विविधभारती?"

"ती तुझ्या बाबांना आवडायची," आई म्हणाली. "मी त्यांच्याबरोबर ऐकायची. काढून टाक."

चाळीस वर्षं मी समजत होतो की ती गाणी तिला आवडतात.

"मग सहाव्यावर काय?"

"सहावं रिकामं ठेव. तुझ्यासाठी."

ते अजून रिकामं आहे. दाबलं की रेडिओ दोन आडव्या रेघा दाखवतो.

आता पावसाळ्याआधी आमच्याकडे काय केलंय ते सांगतो, ज्याला उपयोगी वाटेल त्याने करावं. कुलूप काढून टाकलं. आईने चुकून काही दाबलं तर दाबलं, सहा बटणं कुठे जात नाहीत. केंद्रांची नावं आणि आकडे मोठ्या अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून रेडिओच्या पाठीला चिकटवले. त्याखाली केंद्र कसं बदलायचं ते तीन ओळींत, मराठीत आणि गुजरातीत, कारण वेळेला मी घरी नसेन आणि समोरच्या बेन असतील. एक सेट सेल रेडिओत आणि एक बाहेर, प्लास्टिकच्या डब्यात. रेडिओ महिनोन्महिने पडून राहणार असेल तर आतले काढून ठेवावेत, ते पाझरून पट्ट्या खातात. माझ्या टॉर्चचं तेच झालंय. आणि दर महिन्याच्या एकादशीला (तारीख लक्षात राहत नाही, उपास राहतो) आईने सहाही बटणं दाबून बघायची, मी बघायची नाहीत.

एक आणखी. जिच्यासाठी केंद्रं भरता तिला विचारा आणि भरताना तिलाच शेजारी बसवा. मला वाटलं होतं पाच मिनिटांचं काम आहे. दीड तास लागला, त्यातला एक तास जळगावच्या घराच्या गोष्टींत गेला.

ताई सध्या आमच्याकडे आली आहे चार दिवस. काल दुपारी तिघं चहा घेत होतो, रेडिओ चालू होता, दुसरं बटण. खाली बंब निघाला. आईने हात लांब करून आवाज बारीक केला आणि मान तिरकी केली.

"कुठे?" ताईने विचारलं.

"रावपुऱ्याकडे," आई म्हणाली आणि आवाज परत मोठा केला.